माशांचा रिकामा टँक नुसता चालू ठेवून सायकल होत नाही

सायकल होणं म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमधे वाढणं. नवीन टँकमधे पाणी भरा, फिल्टर लावा, आठवडाभर तसंच फिरू द्या आणि मग मासे सोडा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून माणूस फसतो, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही हो!

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया निघतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, पहिले दोन्ही विषारी आणि नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. आता रिकाम्या टँकमधे अमोनियाच नाही तर हे बॅक्टेरिया खाणार काय आणि वाढणार कसे?

म्हणून अमोनिया आपणच घालायचा. साबण किंवा सुगंध नसलेला शुद्ध अमोनिया, साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होईल इतका, आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि तिथेच अडून बसतं, लोकांचा धीर सुटतो तो इथेच. एकूण ३ ते ६ आठवडे धरून चाला. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, की पाणी बरंचसं बदलून नायट्रेट खाली आणा, मग मासे.

आणि ते 'जुन्या टँकचं पाणी ओता' पण विसरा, बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, फिल्टरच्या स्पंजवर चिकटलेले असतात. मागायचाच तर चालू, निरोगी टँकमधला मळका स्पंज मागा, आणि तो क्लोरीनवाल्या नळाच्या पाण्याखाली धुऊ नका, बॅक्टेरिया मरतील.