जुनं पॅकेज आणि बेवारस पॅकेज

डेबियन १२ (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) च्या सर्व्हरला ओपनएसएसएचची, म्हणजे दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या प्रोग्रामची, आवृत्ती विचारली की उत्तर येतं ९.२. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधलं सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे अशा भोकांच्या जाहीर यादीतला क्रमांक) हे सुरक्षेचं भोक जाहीर झालं आणि मूळ प्रकल्पाने ते ९.८ मध्ये बुजवलं. मग अशी भोकं शोधणाऱ्या स्कॅनरच्या अहवालात ९.२ पुढे लाल शेरा पडतो आणि ऑडिटवाले विचारतात, "अजून अपडेट नाही केलं?"

केलेलं असतं. आकड्याची शेपटी कुणी वाचत नाही, एवढंच. दुरुस्तीनंतरची पूर्ण आवृत्ती होती ९.२पी१-२+डेब१२यू३. यातला 'यू३' म्हणजे डेबियन १२ साठी त्याच जुन्या आवृत्तीवर निघालेला तिसरा अपडेट, आणि ते भोक त्यातच बुजलंय. सदरा तोच, फाटलं तिथे टाका. याला बॅकपोर्ट म्हणतात. नव्या सुविधा मिळत नाहीत, पण रात्री अपडेट केलं आणि सकाळी कॉन्फिग चालेना, असंही सहसा होत नाही.

बेवारस पॅकेज (पॅकेज म्हणजे डेबियनने बसवायला तयार करून दिलेला प्रोग्राम) बाहेरून हुबेहूब असंच दिसतं, फक्त टाका घालणारं कुणी नसतं. मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, रीतसर हात वर केले तर डेबियन पॅकेजवर 'ऑर्फन्ड' (अनाथ) अशी नोंद करतं, निदान कळतं तरी. नाव पाटीवर आणि माणूस गायब, हे जास्त वाईट. चेंजलॉगची, म्हणजे बदलांच्या नोंदवहीची, शेवटची तारीख बघा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. काही पॅकेजांत वर्षानुवर्षं करण्यासारखं काही नसतंच. डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर (भोकांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर) त्या पॅकेजची किती भोकं उघडी पडलीत, ते पाहिलं की खरं काय ते कळतं.

जुन्या पॅकेजावरूनही भांडणं होतात. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रामचा कर्ता जेमी झविन्स्की याने 'ही आवृत्ती फार जुनी आहे, अपग्रेड करा' असा इशारा कोडमध्येच घालून ठेवला होता. २०१६ मध्ये तो इशारा डेबियन स्टेबल, म्हणजे डेबियनची स्थिर आवृत्ती, वापरणाऱ्यांच्या पडद्यावर झळकला. इशारा काढण्यापेक्षा माझं पॅकेजच काढून टाका, असं त्याचं म्हणणं. परवान्याने बदल करायची मुभा होतीच. डेबियनने पॅच लावून इशारा काढला.

नियमाने डेबियन बरोबर. तरी मला झविन्स्कीचा वैताग पटतो. स्टेबलमध्ये सुरक्षेची भोकं बुजतात, बारीकसारीक बग मात्र पुढच्या रिलीजपर्यंत तसेच पडून राहतात. कर्त्याने ते केव्हाच दुरुस्त केलेले असतात, आणि तक्रारीची पत्रं तरीही त्यालाच येत राहतात.