पाव वेग, सोळावा हिस्सा जोर

युरोपातले फुटबॉलचे सामने आपल्याकडे मध्यरात्री संपतात आणि सकाळच्या बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये एकच गोठवलेलं चित्र मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागतं. बचावपटूचा बूट समोरच्याच्या घोट्यावर, घोटा आत वळलेला. खाली ओळ ठरलेली: "ही पेनल्टी नाही तर काय?" क्रिकेटच्या डीआरएसवर वाढलेल्या मुंबईकराला वाटतं की कॅमेरा आला म्हणजे वाद मिटायलाच हवा. फुटबॉलमध्ये तो मिटत नाही, तेव्हा एक तर रेफरी विकला गेलेला असतो किंवा तंत्रज्ञान कुचकामी. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

चेंडू बॅटला लागला का, या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. चेंडूने गोलरेषा ओलांडली का, फाउल गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सच्या आत झाला की बाहेर, हे प्रश्नही त्याच जातीचे. पण धक्का फाउल ठरण्याइतका होता का, चेंडू हाताला लागला तेव्हा हात तिथे असणं त्या हालचालीत स्वाभाविक होतं का, हे नियमांनीच रेफरीच्या मतावर सोडलेलं आहे. म्हणून 2018 साली व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून मैदानावरच्या रेफरीला मदत करणारा सहायक रेफरी, खेळाच्या नियमांत आला तेव्हा त्याला चारच कामं दिली गेली: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. त्यातही हस्तक्षेप कधी? स्पष्ट आणि उघड चूक असेल किंवा गंभीर घटना नजरेतून पूर्ण निसटली असेल, तरच.

याच नियमावलीत एक वाक्य आहे, ज्याकडे प्रेक्षक सोडाच, समालोचकांचंही लक्ष नसतं. स्लो मोशन सर्वसाधारणपणे वस्तुस्थितीसाठी वापरावं: संपर्क कुठे झाला, चेंडू बाहेर गेला का. फाउलची तीव्रता जोखायला आणि हँडबॉल, म्हणजे चेंडू हाताला लागणं, गुन्हा ठरतो का हे ठरवायला मात्र मूळ वेगाचंच चित्र पाहावं. या वाक्यामागे भौतिकशास्त्र आहे आणि मानसशास्त्रही.

आधी भौतिकशास्त्र. चित्र पाव वेगाने दाखवलं की अंतरं तीच राहतात, वेळ चौपट होतो. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, तो पाव होतो. त्वरणात वेळ दोनदा भागला जातो, म्हणून ते सोळावा हिस्सा उरतं. वस्तुमान बदललेलं नाही, म्हणजे पडद्यावर दिसणारं बलही सोळावा हिस्सा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, तीही सोळावा हिस्सा. रेफरीसमोर जी लाथ दिसते, ती मैदानावरच्या लाथेच्या एक सोळांश जोराची.

आता पडणारा खेळाडू घ्या. कंबर जमिनीपासून साधारण 1 मीटरवर. तेवढ्या उंचीवरून मोकळेपणी पडायला 0.45 सेकंद लागतात. पाव वेगाच्या चित्रात तेच पडणं 1.8 सेकंद चालतं. चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. पडद्यावरचा खेळाडू त्याहूनही दुबळ्या, एक सोळांश गुरुत्वाकर्षणात पडतोय. वस्तू पडायला किती वेळ लागतो, हे आपल्या डोळ्यांना रोजच्या सवयीने पक्कं ठाऊक असतं. एवढा सावकाश खाली येणारा माणूस त्यांना स्वतःहून अंग टाकणारा वाटतो. खरोखर पाडलेल्या खेळाडूवर "डाइव्ह मारली" असा शिक्का बसायला हे पुरेसं आहे.

हँडबॉलचा हिशेब तर हृदयाचा ठोका चुकवणारा. 2 मीटरवरून ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर वेगाने चेंडू मारला, तर तो 0.08 सेकंदात हातावर आदळतो. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला 50 चित्रं घेत असेल, तर हा सगळा प्रकार अवघ्या 4 चित्रांत आटोपतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. धावण्याच्या शर्यतीत पिस्तूल वाजल्यापासून 0.1 सेकंदाच्या आत कुणी निघाला, तर तो चुकीचा प्रारंभ धरतात, कारण इतक्या लवकर प्रतिसाद देणं माणसाला शक्य नाही असं मानलं जातं. मात्र पाव वेगाच्या रिप्लेमध्ये 0.08 चे 0.32 सेकंद होतात आणि पाहणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं, "याला हात मागे घ्यायला वेळ होता की!" तो वेळ बचावपटूला कधी मिळालेलाच नव्हता, तो फक्त पडद्याने आपल्याला दिला. अशा वेळी विचारण्यासारखा प्रश्न एकच: चेंडू मारला जाण्याच्या आधी हात कुठे होता आणि का?

हा भ्रम प्रयोगाने दाखवलेला आहे. 2016 साली कारुसो, बर्न्स आणि कॉन्व्हर्स या संशोधकांनी अमेरिकेत दाखवून दिलं की तीच कृती संथ गतीने पाहणारे लोक ती अधिक जाणूनबुजून केलेली मानतात. मूळ वेगाचं आणि संथ अशी दोन्ही चित्रं दाखवली तर हा परिणाम कमी होतो, जात नाही. 2018 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी युरोपातल्या अव्वल रेफरींवर प्रयोग केला, तेव्हा संथ चित्र पाहून दिलेली कार्डं अधिक कडक निघाली. म्हणजे जोर सोळावा हिस्सा दिसत असूनही हेतूचा भास त्याच्यावर मात करतो. एक चूक शिक्षेच्या बाजूला ओढते, दुसरी माफीच्या. अमुक टक्के वजा करा असं सूत्र इथे चालत नाही.

गोठवलेल्या एका फ्रेमवर बोट ठेवून "याच्या नजरेतच दिसतंय" असं सांगणारे देहबोलीतज्ज्ञांचे व्हिडिओ हल्ली फार चालतात. एका चित्रातून हेतू वाचणं हे तळहाताच्या रेषांवरून भविष्य सांगण्याइतकंच शास्त्रीय आहे. ते पुढे पाठवू नयेत.

"सेन्सर आले की सुटेल", हाही भाबडा विश्वास. 29 जून 2024 रोजी डॉर्टमुंडमध्ये युरो स्पर्धेचा जर्मनी-डेन्मार्क सामना होता. जर्मनीच्या राऊमचा क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू, जवळूनच डेन्मार्कच्या आंदरसनच्या हाताला निसटता लागला. चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा नोंद घेतो, म्हणजे दर 2 मिलिसेकंदांनी एकदा. स्पर्शाच्या क्षणी आलेख ईसीजीसारखा उसळलेला सगळ्या जगाने पाहिला. रेफरी मायकेल ऑलिव्हर यांनी मॉनिटर पाहून पेनल्टी दिली आणि जर्मनीच्या हावर्ट्झने ती मारली. सेन्सरने चोख काम केलं, पण ते स्पर्श झाला एवढं सांगण्याचं. धावताना वळणाऱ्या माणसाचा हात तिथे असणं स्वाभाविक होतं का, हे त्या आलेखात असूच शकत नव्हतं. लोक मात्र आलेखालाच निकाल समजले.

कॅमेऱ्याची जागाही फसवते. लांब पल्ल्याची लेन्स खोली चपटी करते; एकामागे एक असलेले दोन पाय एकमेकांना भिडलेले दिसतात. संपर्काची खात्री करायची तर एकमेकांशी काटकोनात असलेली दोन चित्रं हवीत.

हे घरच्या घरी तपासता येतं. शिवाजी पार्कवर किंवा सोसायटीच्या आवारात हलका प्लास्टिकचा चेंडू घ्या. फोन 240 फ्रेमच्या स्लो मोशनवर, बाजूने काटकोनात, विटेवर टेकवून ठेवा. 2 मीटरवरून मित्राच्या हाताच्या दिशेने चेंडू मारा. ताशी 36 किलोमीटर वेग असेल तर तो 0.2 सेकंदात, 48 फ्रेममध्ये पोचतो. फोन ती चित्रं सेकंदाला 30 दाखवतो, म्हणून पडद्यावर 1.6 सेकंद. आता चार जणांना फक्त मूळ वेगाची आणि दुसऱ्या चार जणांना फक्त संथ चित्रफीत दाखवा आणि विचारा, हात मुद्दाम लावला का? दोन्ही एकाच माणसाला दाखवू नका, पहिल्या चित्राचा ठसा दुसऱ्यावर उमटतो. चित्रण दिवसा करा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 240 फ्रेमला ती उघडझाप पकडली जाते आणि नेमक्या स्पर्शाच्या फ्रेममध्ये काळोख येऊ शकतो.