‘वाढवा की जरा ऑक्सिजन!’

‘ओ सिस्टर, वाढवा की जरा. बाबास्नी एवढा दम लागलाय आणि गोळी दोनवरच!’

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात नातेवाइकाला भेटायला गेलो होतो. शेजारच्या खाटेवर सत्तरीचे आजोबा. हयात गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारण्यात गेलेली, वर बिडी. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर 90 दिसत होते. गोळी म्हणजे भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या नळीतली, ती जितकी वर तितका ऑक्सिजन जास्त. सिस्टर ‘नाही’ म्हणाल्या तसा मुलगा माझ्याकडे वळला. ‘बघा, ऑक्सिजन वाचवाय लागल्यात.’

त्याला दोष देता येत नाही. 2021च्या उन्हाळ्यात सिलिंडरसाठी झालेली धावाधाव आपण सगळ्यांनीच पाहिली, आणि ‘94च्या खाली आला की धोका’ हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं. न्यूमोनियाच्या रुग्णाला ते लागूही पडतं. पण आजोबांना होता सीओपीडी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका अरुंद आणि वायुकोश (फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे) फाटके झालेला आजार. अशा रुग्णाचा आकडा अॅटॅकमध्ये, म्हणजे दम एकदम वाढतो तेव्हा, 88 ते 92च्या दरम्यान ठेवतात. मुद्दाम. 98वर नेला तर रुग्ण दगावण्याची शक्यता वाढते.

का, हे मला फुप्फुसातलं सगळ्यात देखणं कोडं वाटतं.

उसाला पाणी पाजताना दारं धरणारा माणूस आठवा. ज्या सरीत ऊस उगवलेलाच नाही, तिकडचं दार तो मातीने बुजवतो आणि पाणी भरल्या सरीकडे वळवतो. फुप्फुसातही असाच एक दारकरी आहे. आपल्याकडे 30 कोटींच्या घरात वायुकोश असतात आणि प्रत्येकाभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं. ज्या कोशात हवा नीट पोहोचत नाही, तिथला ऑक्सिजन कमी होतो आणि तिकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी आपसूक आवळली जाते. रक्त चांगल्या कोशांकडे वळतं. गंमत अशी की बाकी शरीरात नेमकं उलटं घडतं: ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या वाहिन्या रुंदावतात. फुप्फुसाचा हा उफराटा स्वभाव फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी 1946 साली मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवला.

सीओपीडीचा रुग्ण या दारकऱ्याच्या जिवावर जगत असतो. आता त्याला भरमसाट ऑक्सिजन द्या. कोंदटलेल्या कोशातही ऑक्सिजन झिरपतो. दारकऱ्याला वाटतं, इथे ऊस आलाय! तो दार मोडतो आणि रक्त तिकडे धावतं. पण त्या कोशातली हवा आत-बाहेर होतच नाही, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणार कुठून? रक्त तो तसाच घेऊन परत येतं. आणि पाणी तेवढंच असल्याने चांगल्या सऱ्यांच्या वाट्याचं कमी होतं.

भरीला दुसरा घोळ. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड जास्त धरून ठेवतं. ऑक्सिजन चिकटला की तो सोडून देतं. 1914 साली क्रिस्टियनसन, डग्लस आणि हाल्डेन यांनी हे मांडलं. म्हणजे ऑक्सिजन वाढवताच रक्तात मोकळ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब चढतो. धडधाकट माणूस चार श्वास जास्त घेऊन तो फेकून देईल. आजोबांना तेवढी ताकद कुठली? मग रक्त आम्लधर्मी होतं, डोकं दुखतं, गुंगी येते. नातेवाईक म्हणतात, ‘आता बघा, शांत झोप लागली.’ ती झोप नसते.

‘जास्त ऑक्सिजनने श्वास घेण्याची प्रेरणाच जाते’ हे स्पष्टीकरण अजून अनेकांच्या तोंडी आहे. ते अपुरं आहे. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर रुग्णांचं श्वसन सुरुवातीला घटलं, पण पंधरा मिनिटांत मूळच्या 93 टक्क्यांपर्यंत परत आलं. कार्बन डायऑक्साइड मात्र चढलेलाच राहिला. दारकऱ्याचा मान मोठा आहे तो असा.

आणि हे नुसतं कागदावरचं शरीरशास्त्र नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये 405 रुग्णांवर केलेला प्रयोग 2010 साली छापून आला. सरसकट जोरात ऑक्सिजन दिलेल्यांत 9 टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत 4 टक्के.

म्हणून अशा वॉर्डात बोटाच्या आकड्यावर भागत नाही. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. मनगटातल्या धमनीतून रक्त काढून तपासावं लागतं. ते दुखतं, शिरेपेक्षा बरंच जास्त. आम्लता वाढलेली निघाली तर बायपॅप नावाचं मास्कचं यंत्र लावतात. तो नुसता ऑक्सिजन देत नाही, श्वासागणिक हवा ढकलून कोंदट कोश हलते ठेवतो.

कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी अजून काही खाटांच्या उशाशी दिसते. कापराने नाकातल्या थंडावा जाणणारे चेतातंतू चाळवतात आणि मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. नातेवाइकांनी ऑक्सिजनच्या गोळीलाही हात लावू नये. वर नको तशी खालीही नको, कारण चढलेला कार्बन डायऑक्साइड कोशात जागा अडवून बसलेला असताना ऑक्सिजन एकदम बंद केला तर बोटावरचा आकडा आधीपेक्षाही खाली कोसळतो.

संध्याकाळी आजोबांना व्हेंचुरी मास्क लावला. मोरान कॅम्पबेल यांनी 1960 साली सुचवलेली ही साधी युक्ती: बारीक तोंडातून सुसाट निघणारा ऑक्सिजन बाजूच्या भोकांतून बाहेरची हवा ठरलेल्या प्रमाणात ओढून घेतो. निळ्या तोटीला 24 टक्के, पांढरीला 28. आजूबाजूच्या हवेत असतो 21, म्हणजे फरक केवढासा!

थोड्या वेळाने सिस्टर आल्या तर तोटीच्या भोकांवर चिकटपट्टी. त्यांनी ती ओढून काढली.

‘अहो पण तिथनं सगळा गळतोय की,’ मुलगा म्हणाला.