लघवी झाल्यावर गळणारे थेंब

लघवी करून बाहेर यावं, चार पावलं चालावं आणि कपडे ओले व्हावेत. खोकला नाही, शिंक नाही, घाईही लागलेली नाही. पुरुषांमध्ये ही तक्रार सर्रास आढळते; तरुणांनाही होते, वय वाढेल तशी जास्त. पण दवाखान्यात ती सहसा तोंडातून निघत नाही. डाग दिसू नये म्हणून गडद पँटच घालणारे, नमाजाआधी किंवा पूजेआधी पुन्हा कपडे बदलावे लागतात म्हणून वैतागलेले लोक सोलापुरातही आहेत. बहुतेकांना वाटतं, लघवीची पिशवी (मूत्राशय) कमजोर झाली किंवा तिच्याखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढली. नेहमीचं कारण मात्र वेगळंच असतं.

पुरुषाची मूत्रनलिका साधारण १८ ते २० सेंटीमीटर लांब असते आणि ती सरळ नसते. मूत्राशयातून निघून प्रोस्टेटमधून ती खाली उतरते, अंडकोशामागे वळते आणि मग पुढे शिश्नात जाते. वळणाचा हा भाग खोलगट आणि थोडा रुंद असतो. त्याभोवती बल्बोस्पॉन्जिओसस नावाचा स्नायू असतो. लघवी संपली की तो आपोआप आवळतो आणि उरलेली लघवी पुढे ढकलतो. तो ढिला पडला की थोडी लघवी तिथेच अडून राहते. नळ बंद केल्यावरही पाइपाच्या झोळात पाणी उरतं आणि पाइप हलवला की सांडतं, तसंच हे. मूत्राशयाचं तोंड तोवर केव्हाच मिटलेलं असतं. कितीही झटकलं तरी फरक पडत नाही तो याचमुळे: झटकण्याने पुढच्या भागातले थेंब पडतात, वळणातले नाहीत. प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही एवढीच तक्रार सहसा जात नाही.

उपाय बोटांत आहे. लघवी संपल्यावर काही सेकंद थांबायचं. मग अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत, अंडकोशाच्या लगेच मागे, मधल्या रेषेवर दोन-तीन बोटांची टोकं ठेवायची. हलका दाब वरच्या दिशेने देत बोटं पुढे, अंडकोशाखालून शिश्नाच्या मुळापर्यंत सरकवत आणायची. उरलेले थेंब पुढे येतात. ते झटकून टाकायचे आणि हेच आणखी एक-दोनदा करायचं. दुखेल इतकं दाबायचं नाही. बरेच जण बोटं अंडकोशाच्या पुढे ठेवतात, म्हणजे वळण मागेच राहतं आणि ‘जमत नाही’ असं वाटतं. आणखी एक बारीक गोष्ट: चड्डीचं इलॅस्टिक किंवा अर्धवट उघडलेली चेन नलिकेला खालून दाबत असेल तर तिच्यामागे लघवी साचते. कपडे नीट खाली करा. मागे रांग असली तरी ही दहा सेकंदं घ्यावीतच.

स्नायूला बळ द्यायचं तर व्यायाम आहे. वायू रोखताना जे आवळतो तेच आवळायचं. पोट, मांड्या, कुल्ले सैल आणि श्वास चालू. जमेल तितके सेकंद धरायचं, हळूहळू दहापर्यंत न्यायचं, तितकाच वेळ सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यातच सोडतात. लघवी चालू असताना मध्येच अडवून हा व्यायाम करू नये. ती संपल्यावर एक जोरदार आवळ मात्र जरूर द्यावी. १९९७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ युरॉलॉजी’त आलेल्या एका अभ्यासात बोटांची पद्धत आणि व्यायाम दोन्ही उपयोगी ठरले, व्यायाम जास्त.

बायकांची नलिका जेमतेम ४ सेंटीमीटरची, त्यामुळे कारण निराळं. कमोडवर गुडघे जुळवून बसलं की थोडी लघवी योनीत शिरते आणि उभं राहिल्यावर खाली येते. गुडघ्यांशी अडकलेली सलवार पाय फाकू देत नाही. पाय लांब ठेवून, पुढे झुकून, शेवटी क्षणभर थांबलं की बहुधा भागतं. एसटी स्टँडवरच्या घाणेरड्या कमोडवर टेकायला नको म्हणून अधांतरी बसलं, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणलेलेच राहतात आणि पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. बायकांमध्ये थेंबांसोबत जळजळ, शरीरसंबंधात वेदना किंवा वारंवार संसर्ग असेल तर नलिकेला फुगा आला आहे का, हे तपासावं लागतं.

थेंब नकोत म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणं मात्र उलटं पडतं. वळणात अडकणारी लघवी तितकीच राहते. वर ती दाट होऊन जळजळते आणि खड्यांचा धोका वाढतो.

धार बारीक होणं, कुंथावं लागणं, लघवीत रक्त, ताप, रात्रंदिवस ठिपकत राहणं, किंवा मधुमेहात पिशवी भरल्याचं कळेनासं होणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावं. तिथे लघवी व साखरेची तपासणी आणि लघवीआधी-नंतरची सोनोग्राफी होते. सोनोग्राफीच्या रांगेत पिशवी फुटेल इतकं पाणी पिऊन तासन्‌तास रोखू नका. अती ताणलेली पिशवी नीट आकसत नाही, आणि मागे उरलेली लघवी नेहमीपेक्षा जास्त दिसते.