७५,००० डॉलरनंतर सुख थांबतं? अर्धंच खरं

वर्षाला ७५,००० डॉलर मिळाले की पुढे पैशानं सुख वाढत नाही, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांच्या २०१० च्या अमेरिकेतल्या अभ्यासाचं हे अर्धवट वाचन. त्यात थांबलेली दिसली ती रोजची मनःस्थिती. ‘एकूण आयुष्य कसं चाललंय?’ याला लोकांनी दिलेले गुण त्यापुढेही चढतच होते.

२०२१ मध्ये सुखाचे अभ्यासक मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३,००० हून अधिक नोकरदार अमेरिकनांना दिवसात अधूनमधून फोनवरच विचारलं: आत्ता, या क्षणी कसं वाटतंय? तिथं मनःस्थितीही थांबली नाही.

मग २०२३ मध्ये कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. या मोकळेपणाचं मला फार मोल वाटतं. निष्कर्ष असा: थांबतं ते सर्वांत दुःखी साधारण २० टक्के लोकांचं सुख, तेही १,००,००० डॉलरच्या आसपास. जिवलगाचा वियोग पगारवाढीनं भरून निघत नाही.