विश्वनागरिकत्वाची जाणीव आणि स्वभावातील बलस्थाने

विश्वनागरिकत्वाची जाणीव : आपण जसे एका गावाचे, देशाचे, तसेच अवघ्या मानवजातीचेही आहोत, हे मनोमन वाटणे. पासपोर्टशी तिचा संबंध नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रेझेन आणि इवा कात्झार्स्का-मिलर यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार जगाविषयीचे भान आणि जवळच्या माणसांचे प्रोत्साहन यांतून ती घडते. परक्यांविषयी सहानुभूती, विविधतेचा आदर, सामाजिक न्यायाची चाड, पर्यावरणाची काळजी हे तिचे परिणाम.

स्वभावातील बलस्थानांची, म्हणजे वागण्यातून दिसणाऱ्या चांगल्या गुणांची, सर्वाधिक वापरातली यादी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांची (२००४) : ६ सद्गुण, त्यांखाली २४ बलस्थाने. विश्वनागरिकत्वाशी कुतूहल, दयाळूपणा आणि न्यायबुद्धी यांचे नाते सहज दिसते. कुतूहलातून माहिती वाढते. पण माहिती असलेला प्रत्येक जण कळवळ्याचा असतोच असे नाही. न्यायबुद्धीची कसोटी तर बहुधा घराजवळच लागते. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहात मागणी पंचवटीतल्या एका दरवाजाची होती, आधार मात्र माणूस म्हणून समान असण्याचा.

सावधपणा आणि आत्मसंयम ही याच यादीतली बलस्थाने या चर्चेत मागे पडतात, ती द्राक्षबागेत नीट दिसतात. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा (बागायतदारांच्या बोलण्यातले ‘सीसीसी’) अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त आढळला आणि माल अडकला. निफाड-दिंडोरीकडच्या निर्यातदार शेतकऱ्याला त्याची झळ अजून आठवते. फवारणीची वही लिहायची, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजायचे, व्यापारी कितीही घाई करो, रेसिड्यूचा (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट हाती आल्याशिवाय घडाला कात्री लावायची नाही. कधीही न भेटणाऱ्या कुणाच्या तरी ताटाचा हा विचार.

अर्थात कंटेनर परत येईल ही धास्ती म्हणजे विश्वनागरिकत्व नव्हे. नियम पाळणे आणि आपुलकी वाटणे बाहेरून सारखेच दिसते. फरक कळतो तो शेजारच्या प्लॉटवर, जिथला माल ‘लोकल’ला, म्हणजे इथल्याच बाजारात, जाणार असतो आणि रिपोर्ट कुणी मागत नाही. तिथेही दिवस मोजले जातात का?