रिकाम्या चौकटी आणि नाताळचा पँटो

१९४१च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या विंडसर राजवाडा-किल्ल्यातल्या वॉटर्लू चेंबरमध्ये 'सिंड्रेला'चा प्रयोग झाला. सिंड्रेला होती अकरा वर्षांची राजकन्या मार्गारेट, आणि राजपुत्राच्या पोशाखात तिची पंधरा वर्षांची थोरली बहीण, पुढे राणी झालेली एलिझाबेथ. त्यांच्यासोबत विंडसर ग्रेट पार्कमधल्या शाळेची मुलं होती. संहिता लिहिली आणि प्रयोग बसवला तो त्याच शाळेच्या हेडमास्तरांनी. जमलेले पैसे सैनिकांच्या कपड्यांसाठी लोकर घेण्याच्या निधीला गेले. पुढे १९४४पर्यंत दर नाताळात या मुलांनी असा एकेक पँटोमाइम, म्हणजे परीकथेवरचा गमतीचा खेळ, केला. त्यालाच थोडक्यात पँटो म्हणतात.

या दालनात एरवी टॉमस लॉरेन्सने काढलेली, नेपोलियनला हरवणाऱ्या राजांची आणि सेनानींची व्यक्तिचित्रं असतात. युद्धात ती सुरक्षित जागी हलवली होती आणि भिंतींवर नुसत्या चौकटी उरल्या होत्या. क्लॉड व्हॉटम या किशोरवयीन कलाविद्यार्थ्याने वॉलपेपरवर पँटोची पात्रं रंगवली आणि ती त्या चौकटींत लावली गेली. युद्ध संपल्यावर मूळ चित्रं परत आली ती या कागदांच्या वरच. २०२०मध्ये चित्रं उतरवली तेव्हा डिक व्हिटिंग्टन, अल्लादीन वगैरे पँटोतली मंडळी खाली तशीच उभी होती.

पँटोमाइम म्हटलं की आपल्याला चेहरा पांढरा केलेला, एक शब्दही न बोलणारा मूकाभिनेता आठवतो. ब्रिटनमधला नाताळचा पँटो याच्या अगदी उलट असतो. त्यात गाणी असतात, कोट्या असतात, दोन माणसं आत शिरून केलेला घोडा असतो आणि सगळ्यांवर कडी करणारा प्रेक्षकांतल्या मुलांचा आरडाओरडा असतो. तरी नावातलं मौन उगाच आलेलं नाही.

इटलीत सोळाव्या शतकात कॉमेदिया देल्लार्तेच्या फिरत्या मंडळ्या होत्या. पात्रं ठरलेली, मुखवटे ठरलेले, संवाद आयत्या वेळचे. त्यांच्यातला खोडकर नोकर आर्लेकिनो इंग्लंडमध्ये हार्लेक्विन झाला. १७१७मध्ये जॉन वीव्हर या नृत्यशिक्षकाने ड्रुरी लेन नाट्यगृहात केवळ नृत्यातून गोष्ट सांगणारा प्रयोग केला. जॉन रिच हा नट 'लन' हे नाव घेऊन हार्लेक्विन करू लागला, तोही न बोलता. हार्लेक्विनच्या हातात दोन पातळ पट्ट्या जोडलेली फळी असे. तिचा फटका दणदणीत वाजे, पण लागत नसे. 'स्लॅपस्टिक' हे नाव मूळचं या फळीचं. १७३७च्या कायद्यानंतर लंडनमध्ये संवादांचं नाटक करण्याचा हक्क मोजक्याच नाट्यगृहांकडे राहिला आणि बाकीच्यांना नाच, संगीत नि हातवाऱ्यांवर भागवावं लागलं. १८४३मध्ये ही मक्तेदारी संपली. मग पँटोला खऱ्या अर्थाने वाचा फुटली.

त्याआधीच जोसेफ ग्रिमाल्डी या नटाने खेळाचं केंद्र हलवलं होतं. २९ डिसेंबर १८०६ रोजी कोव्हेंट गार्डनमध्ये 'मदर गूज' सुरू झालं आणि हार्लेक्विनपेक्षा ग्रिमाल्डीचा विदूषकच लोकांच्या मनात भरला. आजही दर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पूर्व लंडनमधल्या चर्चमध्ये विदूषक रंगभूषा करून त्याच्या स्मरणार्थ प्रार्थनेला जमतात.

आज मुलं ज्या पात्रांवर जीव टाकतात, त्यांतली काही हेन्री जेम्स बायरन या नाटककाराची. सिंड्रेलाचा जिवलग नोकर बटन्स १८६०च्या त्याच्या खेळातून आला. अल्लादीनच्या आईला ट्वँकी हे नाव त्याने १८६१मध्ये एका चिनी चहावरून दिलं. ही आई नेहमी पुरुषाने करायची, तिला 'डेम' म्हणतात. तमाशाच्या गवळणीतली मावशी पाहिलेल्याला ही बाई लगेच ओळखीची वाटेल, कारण आत पुरुष आहे हे कुणापासून लपवायचं नसतं आणि सगळी गंमत त्यातच असते. उलट तरुण नायक मुलीने करायचा. म्हणूनच विंडसरला राजपुत्र एलिझाबेथ झाली, आणि १९४३मध्ये अल्लादीनही तीच. त्या प्रयोगाला प्रेक्षकांत पुढे तिचा नवरा झालेला फिलिप होता.

मुलांच्या पँटोची गोष्ट मात्र इतकी गोड नाही, आणि ती सांगताना पुढचा भाग गाळणं मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकात मोठ्या नाट्यगृहांतल्या पऱ्या आणि बुटके म्हणजे गरीब घरांतली मुलं होती. ऑगस्टस हॅरिस या व्यवस्थापकाच्या ड्रुरी लेनमध्ये १८७९पासून भव्य मिरवणुकांचे देखावे सुरू झाले, त्यांनाही अशी पुष्कळ मुलं लागत. त्यांची हिवाळ्यातली कमाई घराला हवी असे. रात्री उशिरा खेळ सुटल्यावर ती थंडीतून घरी जात. १८८९च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना रंगमंचावर कामाला लावण्यास बंदी केली आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी परवाना सक्तीचा झाला. आजही मुलांच्या प्रयोगांना नियम आहेत आणि विंगेत त्यांची देखभाल करायला नेमलेली मोठी माणसं असतात. हौशी संस्थांना हा कागदोपत्री व्याप वाटू शकतो, पण त्यामागे ती थंडीतून परतणारी मुलं आहेत.

गावातल्या सभागृहात पँटो बसवणाऱ्या मुलांना यातलं बरंचसं शिकवावं लागत नाही. त्यांनी आधी खुर्चीत बसून "तो तुझ्या मागे आहे!" असं ओरडलेलं असतं. "नाही, तसं नाही!" याला "हो, तसंच आहे!" हे उत्तर पाठ असतं. दुष्ट पात्र नटाच्या डाव्या विंगेतून येतं, परी उजव्या विंगेतून येते, हेही ठाऊक असतं. एक गोष्ट तेवढी तालमीत कळते. शेवटच्या दोन यमकबद्ध ओळी पहिल्या प्रयोगापर्यंत उच्चारायच्या नाहीत, नाहीतर अपशकुन होतो. त्यामुळे आठवडेच्या आठवडे तालीम तिथे येऊन थांबते, आणि आपल्याच नाटकाचा शेवट मुलांना भरलेल्या सभागृहासोबतच पहिल्यांदा ऐकू येतो.